दोघांचा एक निंजा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. भिंगारमधलं कुणी हे वाक्य वाचलं तर हसेल — राजाभाऊने न सांगितलेली गोष्ट? ती कुठे शिल्लक राहिली? बरोबरच आहे. मी झालेलं सांगतो, न झालेलं त्याहून जास्त सांगतो, आणि जे होणंच शक्य नाही ते तर आईच्या शपथेवर सांगतो. लष्कराच्या रणगाड्यावर बसून मी एकदा दळण आणलं होतं, हे आजही दोघे-तिघे खरं मानतात. पण ही गोष्ट नाही सांगितली. बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर माझ्या झोपेतल्या बडबडीतूनही चोरी पकडणारी बाई आहे.

जरा आडवळणाने येतो. सरळ येणं मला जमत नाही.

नव्वदच्या दशकातले दिवस. आमच्या गल्लीतल्या बबनमामांनी आपल्या सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत व्हिडिओ गेम टाकला होता. एक रंगीत टीव्ही, त्याला जोडलेलं खेळाचं यंत्र, खाली चटई, मागे भिंतीला लाकडी बाक. कॅसेटी तीन-चार होत्या, पण चालायची एकच — निंजाची. ती यंत्रात घालण्याआधी मामा तिच्यात अशी फुंकर मारायचे की शेजारच्या चहावाल्याचा स्टोव्ह विझायचा.

आणि काय तो निंजा! काळे कपडे, तोंडाला फडकं, पाठीला तलवार. पळायचा असा की त्याची सावली मागून धापा टाकत यायची. भिंतीला पालीसारखा चिकटायचा, तिथून समोरच्या भिंतीवर, तिथून छतावर. त्याच्या उडीबरोबर बाकावरची सगळी पोरं उडायची आणि त्याच्याबरोबरच खाली आदळायची. तलवारवाले परवडले, बंदूकवाले परवडले, पण घारी! निंजा नेमका हवेत असताना घार यायची, छातीवर धडकायची, की गेला दरीत. पुढे कितीतरी दिवस खरी घार दिसली तरी मी भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. हे खरं आहे. हे तरी.

खेळ अर्धवट सोडून उद्या पुढे चालू करायची सोय नव्हती. यंत्र बंद पडलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून शेवटपर्यंत कुणी पोचायचंच नाही.

माझ्याशिवाय. म्हणजे — असं मी सांगितलं होतं.

पुण्याला आत्येभावाकडे हाच खेळ मी एका बैठकीत संपवला, अशी माझी थाप. खरं काय? दुसऱ्या स्टेजच्या पुढची जमीन माझ्या निंजाने कधी बघितली नाही. पण शेवट मी असा रंगवला होता की ऐकणाऱ्यांना घाम फुटायचा. सात तोंडांचा राक्षस. तो मेला की निंजा तोंडावरचं फडकं सोडतो. मग आकाशात दारूकाम, आणि जिंकणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. माझं आलं होतं. मराठीत. "जपानी लोकांना मराठी येतं का, भाऊ?" असं एकाने विचारलंही. मी म्हणालो, "मशीनला सगळं येतं." यंत्राला माझं नाव कसं कळलं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी बारावीत अडकलेला, ती पोरं आठवी-नववीतली. त्या खोलीत माझा शब्द म्हणजे तहसीलदाराचा शिक्का. बाकावरची भिंतीकडची जागा माझी. चहा आला की पहिला कप माझा.

मग जावेद आणि मिलिंद आले. आठवीतले, एका वर्गातले. पाळी एकाची, खेळायचं दोघांना, म्हणून त्यांनी रिमोटच वाटून घेतला. डावीकडची बाणाची बटणं जावेदकडे, उजवीकडची उडी आणि तलवार मिलिंदकडे. खांद्याला खांदा लावून बसायचे, मध्ये तो एवढासा रिमोट. जावेद पळवणार, मिलिंद उडवणार. मामा पोट धरून हसले, "एका बैलाला दोन कासरे लावलेत लेकांनी!"

थोड्याच दिवसांत हसणं थांबलं. खेळताना ती दोघं एकमेकांशी बोलत नसत. जावेदने श्वास आत ओढला की मिलिंदला कळायचं, आता उडी. जावेदला सर्दी झाली की निंजा दरीत पडतो, असं मी सांगत फिरायचो. त्यात फार भर घातलेली नव्हती. दोन पोरांचा मिळून एक निंजा झाला होता, आणि तो घारींना हवेत कापत होता.

आणि मला झोप लागेना.

का, ते कळलं का तुम्हाला? ती पोरं एकेक स्टेज ओलांडत होती, आणि प्रत्येक स्टेज माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. "राजाभाऊ, तुमी म्हणले हुते चौथीत जळता पूल हाय. पूल न्हाई तिथं," मिलिंद म्हणाला. नुसतं विचारलं त्याने. पण मला ते नुसतं वाटेना. तो हसला का? जावेदने त्याला कोपर मारलं का? "पुण्याची कॅसेट वेगळी असते," मी म्हणालो. बाकावर कुणीतरी खाकरलं. त्या दिवसापासून मला प्रत्येक खाकरण्यात काहीतरी ऐकू यायला लागलं. चहा आला, पहिला कप मामांनी स्वतः घेतला — मुद्दाम?

एकदा जावेदने विचारलं, "शेवटी दोघांची नावं येतील ना, भाऊ?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "एकाचंच येतं. बाणाची बटणं ज्याच्याकडे, त्याचं."

हे मी का म्हणालो? माहीत नाही, असं लिहिणार होतो. माहीत आहे. दोघांच्या मध्ये फट पडते का, ते बघायचं होतं.

पडली नाही. दुसऱ्या दिवशी मिलिंद मला चहावाल्याजवळ गाठून हळूच म्हणाला, "भाऊ, जावेदचंच येऊ द्या. त्याच्या अम्मीला बोलावून दाखवायचं म्हणतोय तो. मला काय, मी उडी मारनारा मानूस. पर त्याला सांगू नका, न्हाईतर म्हणंल तू बाण घे."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते फक्त मी ऐकलं होतं.

मग तो रविवार. खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. दारात मोठी माणसंही उभी. सकाळपासून जावेद-मिलिंद चटईवर. मी बाकावर, त्यांच्या बरोबर मागे. यंत्राच्या अडॅप्टरची वायर टेबलावरून खाली येऊन मिलिंदच्या गुडघ्याशेजारच्या बोर्डात खोचलेली. ती पिन ढिली होती, सगळ्यांना माहीत होतं, मामा रोज ओरडायचे, "बोर्डाला पाय लावू नका रे!"

शेवटचा राक्षस आला. त्याला तोंड एकच होतं.

दोन-चार डोकी मागे वळली. माझ्याकडे. राक्षस अर्धा झाला, पाव राहिला. जावेदचा श्वास मला ऐकू येत होता. आता दोन वार, फार तर तीन, आणि मग ना फडकं सुटणार, ना दारूकाम, ना मराठीत नाव. मग सगळी खोली माझ्याकडे वळणार.

मी उजवा पाय लांब केला आणि अंगठ्याने पिन ढकलली.

टीव्हीवर मुंग्या आल्या. फक्त मुंग्या, आणि तो खरखर आवाज. वीज गेली असती तर टीव्हीही गेला असता. टीव्ही चालू होता, म्हणजे हे कुणीतरी केलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते एकदमच कळलं. कुणी? कुणाचा पाय?

आणि मी, अगदी काळजीच्या आवाजात, म्हणालो, "मिल्या, तुझा गुडघा लागला का रे?"

एवढंच. दोष दिला नाही, विचारलं फक्त. तो म्हणाला, "न्हाई, भाऊ. मी हाललोच न्हाई." पण सगळ्यांची नजर बोर्डावर, आणि बोर्ड त्याच्या गुडघ्याशी. जावेदने हातातला रिमोट खाली ठेवला. मामा म्हणाले, "जाऊ द्या, चुकून झालं आसंल." मागून एकजण म्हणाला, "चुकून कसं? नाव एकाचंच येनार हुतं ना." मी ते म्हणालो नाही. मला म्हणावंच लागलं नाही. ते माझंच पिल्लू होतं, आता स्वतःच्या पायांनी खोलीभर फिरत होतं.

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. पोराटोरांचा खेळ, एक पिन. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. पण अजून पोचलो नाही मी तिथे.

दोन-तीन दिवसांनी जावेद माझ्या घरी आला. एकटा. ओट्यावर बसला, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, "राजाभाऊ, तुमी मागं बसले हुते. तुमाला दिसलं आसंल. मिल्या म्हणतो त्यानं न्हाई केलं. त्याला नाव पाहिजे हुतं का? तुमाला काय बोलला हुता का तो कधी?"

बघा, किती सोपं होतं. पिनेचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मिलिंदचं ते एक वाक्य त्याला दिलं असतं — जावेदचंच येऊ द्या — की तो पोरगा ओट्यावरून उठून पळत मिलिंदकडे गेला असता. मी थाप मारू शकलो असतो: उंदीर होता, मांजर होतं, बोर्डात ठिणगी पडली. थापा मारण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, आणि तो पोरगा त्या क्षणी माझी कुठलीही थाप खरी मानायला तयार होता. मी त्याच्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. एक सुस्कारा सोडला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शब्दही बोललो नाही. जावेद मान हलवून उठला आणि गेला.

त्यानंतर ती दोघं शाळेत वेगळ्या बाकांवर बसायला लागली. जावेद काही दिवस एकटाच खेळायला आला. दोन्ही हातांनी रिमोट धरायचा, श्वास आत घ्यायचा, आणि उडी मारायची विसरायचा. पहिल्याच घारीला जायचा. मग तोही येईनासा झाला. पुढे दंगलींचे वाईट दिवस आले, गावातल्या मोठ्या माणसांनी त्या भांडणाला आपापली कारणं चिकटवली — "त्यांच्यातले असेच," "अन् यांच्यातले तरी कुठं धड?" — जी कारणं त्या चटईवर कधी नव्हतीच. मीही मान हलवत ऐकायचो. कधी कधी भरही घालायचो. सवय.

बबनमामांनी यंत्र विकून टाकलं. मी बारावी झालो, नोकरीला लागलो, बोलघेवडा म्हणून लोकांना आवडत राहिलो. जावेदचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मिलिंदने त्याच रस्त्यावर घर बांधलं, पुढच्याच वळणावर. ते दोघे एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

मागच्या वर्षी मिलिंदने नव्या घरी जेवायला बोलावलं. पंगत उठत आली तसा तो माझ्याशेजारी येऊन बसला. आता पोट सुटलंय त्याचं, केस पिकलेत. बाहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, "राजाभाऊ, जावेदला बोलवायचं लई मनात हुतं. पर त्याला आजून वाटतं मी केलं. खरंच, भाऊ, माझा गुडघा न्हवता."

मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे की माझ्या पायांकडे? त्याला माहीत आहे का? इतकी वर्षं माहीत होतं का? मला संधी देत होता की नुसतं मन मोकळं करत होता? मी त्याचा चेहरा नजरेने चाचपून बघितला, आणि मला त्यात काहीच सापडलं नाही.

"सोड रे," मी म्हणालो, "पोरांचा खेळ तो. कोण लक्षात ठेवतंय?"

आणि वाढणाऱ्याला हाक मारून मी भात घेतला, त्यावर आमटी घेतली, आणि सगळं संपेपर्यंत जेवत राहिलो.