ई-चारची धास्ती

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, हिंगोली जिल्ह्यात आजमितीला जेवढी भीती शिल्लक आहे, तिचा निम्मा साठा कळमनुरीत माझ्या थोरल्या साडूंच्या घरी ओट्याच्या डाव्या बाजूला ठेवलेला आहे. उरलेला निम्मा ते स्वतः अंगावर घेऊन फिरतात. धाडसी माणसं जगात पुष्कळ असतील, पण इतक्या शिस्तीने, इतकं मन लावून भिणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

ओट्याच्या डाव्या बाजूला आहे ती भांडी धुण्याची मशीन. पुण्याच्या लेकीने पाठवलेली. साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो, तिच्या हातांना साबण सोसेनासा झाला. बोटांना भेगा पडल्या, भाकरी थापताना पिठाला रक्त लागायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं, की यापुढे साबणाच्या पाण्यात हात घालाल तर बोटं आखडतील, चमचासुद्धा धरता येणार नाही. तोपर्यंत साडूंची भीती विंचू, व्याही, विजा अशी सगळीकडे थोडी थोडी वाटलेली होती. मशीन आली त्या दिवशी ती एका जागी गोळा झाली. मशीन बंद पडली तर हिच्या हातांचं काय?

आता हा माणूस असा का झाला ते सांगतो. साडू तीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर होते. लाल दिवा लागला की लाइन बंद, आणि लाइन बंद असली की कुठल्यातरी खांबावर माणूस चढलेला. तो खाली उतरून, समोर येऊन उभा राहीपर्यंत साडूंनी कधी बटण दाबलं नाही. अख्खं गाव फोनवरून शिव्या द्यायचं, "काहून लाइट न्हाई?" साडूंचं एकच उत्तर, "माणूस खाली आला न्हाई." तीस वर्षांत त्यांच्यामुळे एकाही वायरमनला ओरखडा आला नाही, हे मात्र मी हसणं थांबवून सांगतो.

घरातही तोच कायदा. मशीनपुढे रबरी चटई, पायात रबरी चपला, हातात रबरी मोजे. बटण दाबण्याआधी तीन वेळा आरोळी, "चालू करून राहिलो! सगळे बाजूला!" अंगणात भाजी निवडता निवडता आक्का ओरडायची, "बाजूला!" एकदा मी त्यांच्याकडे गेलो असताना गच्चीवर फोनवर बोलत होतो आणि माझं "बाजूला" यायचं राहिलं. साडू मला शोधत पार गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, पण मी सापडेपर्यंत त्यांनी बटणाला हात लावला नाही.

मशीनने बिघाडाचा पहिला आकडा दाखवला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळीच फोन आला. "पाव्हणं, ई-दोन आला." आवाज असा, की मी आधी चपला घातल्या आणि मग विचारलं, "कोण गेलं?" मी हिंगोलीहून पोहोचलो तेव्हा साडूंनी मशीनची वायर काढली होती, नळ बंद केला होता, गॅसची टाकी अंगणात नेऊन ठेवली होती आणि आक्काला शेजारी धाडलं होतं. मशीनच्या पुस्तकात अकरा भाषा, त्यात मराठी नाही. हिंदीत लिहिलं होतं, 'निकासी में बाधा', म्हणजे पाणी बाहेर जायला अडथळा. ते शब्द साडूंनी असे वाचले, जसं काही कोणी त्यांना निकालच सुनावलाय. दोन दिवस त्यांनी पोटभर अन्न खाल्लं नाही. "लाल दिवा लागलेला असताना घास कसा उतरंल?" तिसऱ्या दिवशी कंपनीच्या फोनवरच्या पोरीने हिंदीत सांगितलं, जाळी काढून बघा. जाळी काढली. तिच्यात पुरण होतं. पुरण काढलं, मशीन चालू झाली, साडू जेवले.

त्यानंतर दीड महिना एकही आकडा नाही. दुसरा कोणी सुखावला असता. साडू जास्तच भ्यायला लागले. "पाव्हणं, लई गप हाय ती. काय हाय तिच्या मनात?" मी म्हणालो, "अहो, मशीनला मन नसतं." ते म्हणाले, "तेच तर भेव हाय."

खरं भय मात्र वेगळंच होतं. आक्काचे हात बरे होत नव्हते. उलट भेगा वाढल्या. डॉक्टरांनी तीनदा मलम बदललं. प्रत्येक वेळी विचारलं, "पाणी बंद आहे ना?" आक्का मान हलवायची. ती दुपारी आडवी झाली की साडू शेजारी बसून तिची बोटं न्याहाळायचे. चेष्टा सुचावी असं ते दृश्य नव्हतं, आणि मला तर कशावरही चेष्टा सुचते.

मग एके दिवशी ई-चार आला. पुस्तकात त्याचा अर्थ 'पानी का रिसाव', म्हणजे पाणी गळतंय. मशीनच्या दारातून पांढरा फेस निघाला आणि सरपटत रबरी चटईवर चढला. मी गेलो तेव्हा साडू दारात वाळकी काठी घेऊन पहाऱ्यावर होते, चेहरा फेसाहून पांढरा. मेकॅनिक नांदेडहून यायचा. आज वारंगा फाट्यापर्यंत आलो, उद्या येतो, असं करत त्याने दोन दिवस लावले. तोवर आम्ही पत्रावळी आणि शेजारणीच्या डब्यावर दिवस काढले.

मेकॅनिकने मशीन तिरकी करून तळातलं पाणी काढलं. "बिघाड काहीच न्हाई, काका. तळाशी पाणी साचलं की ही आपोआप बंद होती. फेस लई झाला, म्हणून पाणी सांडलं."

"म्हणजे तिनं तिचं काम बराबर केलं," साडू म्हणाले. "पण फेस काहून झाला? म्या तर मशीनचीच पावडर टाकतो. मापानं!"

मेकॅनिकने आतली एक ताटली उचलली, मागून बोट फिरवलं, वास घेतला. "वडीचा साबण हाय. कोणीतरी भांडी आधी घासून मग आत ठेवून राहिलं."

आक्काने दोन्ही हात पदराखाली नेले.

"आक्का?" मी विचारलं.

"मंग काय करू?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "खरकटं जाळीत अडकलं की आकडा येतो. आकडा आला की हे जेवत न्हाईत. म्हणलं, घासूनच ठेवावं, म्हणजे कटकट न्हाई. हे देवळात गेले की उरकून घ्यायची. त्या दिवशी हे लवकर आले, खळबळायचं राहून गेलं."

दीड महिना. रोज दोन वेळा. मेकॅनिक उगाच आपल्या पिशवीत पकड शोधत बसला. माझ्या जिभेवर एक फर्मास वाक्य तयार होतं, ते मी गिळलं. साडूंनी रबरी मोजे काढले, खाली टाकले, पदराखालून आक्काचे हात ओढून उजेडात धरले. बराच वेळ ते एकेका बोटाकडे बघत राहिले.  आणि मग असे ओरडले, की गल्लीतली तीन दारं उघडली.

"अगं, भ्यायला मी हाय ना घरात! तू काहून हात जाळून घेतले?"