सात लाटांचा चहा

छोग्पा म्हणजे 'पुरे'. आठ मुलांवर हा नववा झाला, तेव्हा आता थांबावं म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं. त्याच्या पाठीवर आणखी दोन झाली, ते जाऊ द्या. नावाने पुरे असलेल्या या माणसाला जन्मात कशानेही पुरे वाटलं नाही. गोवऱ्या पुरेशा वाळलेल्या नसत, पातेली पुरेशी घासलेली नसत, आणि आम्ही भिक्षू तर त्याच्या मते कधीच पुरेसे गप्प नसू.

छुमार गोम्पाच्या, म्हणजे आमच्या मठाच्या, स्वयंपाकघरात त्याने एकेचाळीस वर्षं काढली. धुराने चेहरा असा काळवंडला होता की हसला तर आधी दात दिसत, मग छोग्पा दिसे. सभागृहात तो कधी बसला नाही. "सगळेच आत बसले तर चूल कोण सांभाळणार? देव?" असं म्हणायचा. पण स्वयंपाकघर आणि सभागृह यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीत वरच्या अंगाला एक भोक. त्या भोकातून आमच्याकडे त्याचा धूर यायचा आणि त्याच्याकडे आमचं संगीत जायचं. या देवघेवीत तोटा आमचाच होता.

वर्ष सरताना, बाराव्या महिन्याच्या बाविसाव्या दिवसापासून एकोणतिसाव्यापर्यंत, आम्ही रक्षक देवाला बोलावतो. रोज दुपारी आवाहनाच्या झांजा वाजतात. पहिला ठोका संथ, दुसरा जरा लवकर, तिसरा त्याहून लवकर. उतारावरून दगड घरंगळावा तसे ठोके एकमेकांच्या अंगावर येतात, शेवटी नुसती थरथर उरते आणि विरते. ही एक लाट. अशा लाटांमागून लाटा. डोळे मिटून, प्रत्येक लाटेला देव एकेक टप्पा जवळ आलेला मनात बघायचा असतो. इतरांना काय दिसायचं ते मला ठाऊक नाही. मी दोन माणसांएवढा लांब कर्णा फुंकायचो, मला काजवे दिसायचे.

लाटा संपल्या की चहा. छोग्पाकडे माणसाच्या छातीएवढं उंच लाकडी नळकांडं होतं. त्यात उकळता चहा, मीठ आणि लोणी घालून तो दट्ट्याने वरखाली घुसळायचा, आणि घुसळायचा तो झांजांच्या तालावर. ठोका संथ तर दट्ट्या संथ, ठोके धावले की दट्ट्या धावे. शेवटचा ठोका विरे तेव्हा लोणी चहात असं मिसळलेलं असे की वर लोण्याच्या थेंबाचा एक डोळा तरंगत नसे. एकेचाळीस वर्षं हेच मोजमाप. याहून दुसरं घड्याळ त्याने पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असतं तर त्यात लोणी पुरेसं नाही म्हणाला असता.

आमच्या पंचांगातल्या अग्नि-कुत्रा वर्षाच्या शरदात आमचे जुने उमजे, म्हणजे पठणाचे आणि झांजांचे प्रमुख, दाम्छो-ला (हा 'ला' म्हणजे तुमचा 'जी') दोन दिवसांच्या तापात गेले. कोणाला काही शिकवून जायला सवड मिळाली नाही. त्यांच्या जागी शिगात्सेच्या मोठ्या मठात शिकलेला लुंगतोक आला. वय एकोणतीस, आवाज असा खोल की पठण करताना आमच्या बसल्याजागी फरशा थरथरत. झांजा अशा धरायचा जणू दोन झोपलेली पाखरं. आम्ही खूश होतो. बाविसाव्या दिवशी त्याने आवाहन वाजवलं, झांजा खाली ठेवल्या, चहा आला. वाटीत लोण्याचे एवढाले डोळे तरंगत होते.

"हा चहा आहे की बेडकांचं तळं?" लुंगतोक म्हणाला.

तेविसाव्या दिवशी पुन्हा तेच. तो तडक स्वयंपाकघरात गेला. "पोला," म्हणाला, म्हणजे आजोबा, आणि ही हाक छोग्पाला मुळीच आवडली नाही. "हात थकले असतील तर सांगा. खेचरांच्या गोठ्यात बसून करायची बरीच कामं आहेत."

"हात ठणठणीत आहेत," छोग्पा म्हणाला. "तुमच्या झांजा दोन लाटा कमी आहेत."

स्वयंपाक्याने उमजेला असं सांगणं म्हणजे खेचराने लामांचा उच्चार सुधारण्यासारखंच. लुंगतोकच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "ग्रंथात सात लाटा आहेत. मी स्वतः मोजल्या."

"असतील. तुमच्या ग्रंथाने कधी चहा केलाय?"

प्रकरण थोरल्या लामांपुढे गेलं. त्यांनी ग्रंथ मागवला. त्यात वळणावळणांच्या रेघांनी सातच लाटा काढलेल्या. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, "दाम्छो नऊ वाजवायचा, असं कोणाला आठवतं का?"

आम्ही अठ्ठावीस जण जमिनीकडे बघत बसलो. मी आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर आहे, तेव्हा खरं सांगून टाकतो: आठवत होतं. मला तर छातीच्या बरगड्यांत आठवत होतं. आठव्या लाटेपाशी माझा दम संपायचा आणि नवव्या लाटेपाशी जोडीदाराचा. दोन लाटा गळाल्या तेव्हा आम्हा दोघांना नवा उमजे प्रत्यक्ष करुणेचा अवतार वाटला होता. झांजावाल्यांचे खांदे सुटले होते, नगारेवाल्याचं मनगट सुटलं होतं. कोण कशाला बोलतंय!

थोरले लामा म्हणाले, "एकोणतिसाव्यापर्यंत चहा नीट झाला पाहिजे. नाही झाला तर पळी दुसऱ्याच्या हातात जाईल आणि छोग्पा गोठ्यात."

मी त्याच्याकडे गेलो. मन खात होतं, म्हणून पाणी भरायच्या निमित्ताने गेलो. "छोग्पा-ला, झांजा थांबल्यावर थोडं जास्त घुसळा की. चहा सुधारेल, पळी राहील. कोणाला कळतंय?"

"तेच तर," तो म्हणाला. "मग कोणालाच कळणार नाही." त्याने दट्ट्या माझ्याकडे रोखला. "दाम्छो-ला गेला. ग्रंथात त्या दोन लाटा नाहीत. तुम्हा लोकांच्या डोक्यात काय आहे ते देवच जाणे. त्या लाटा गेल्याचं आता फक्त या चहात दिसतंय. तेवढंही बुजवू? सातव्या लाटेला देव खिंडीच्या माथ्यापर्यंत येतो. तुम्ही त्याला रोज तिथे वाऱ्यात उभा करता आणि इकडे चहा प्यायला बसता."

मी घागर खाली टेकवली.

"तू तिथे फुंकत बसतोस. नऊ होत्या की नव्हत्या?"

"होत्या."

"मग तिथे का नाही बोललास?"

"दम लागतो हो, छोग्पा-ला."

त्याने पळी उचलली. मी घागर उचलली आणि निघालो.

त्यानंतरचे चार दिवस मोठे कठीण गेले. झांजा सात लाटांना थांबत, त्याच क्षणी छोग्पाचा दट्ट्या थांबे, आणि डोळेवाला चहा बरोब्बर वेळेवर हजर होई. थेंबभर कमी नाही, क्षणभर उशीर नाही. कोणी त्याला कळवळून विनवलं, कोणी शिव्या दिल्या. नगारेवाला तर त्याची नजर चुकवून दट्ट्याचे चार हात मारायला गेला होता. पोटरीवर पळीचा वळ घेऊन आला. छोग्पाने स्वतःचं अंथरूण आणि दोन वाट्या एका पोत्यात बांधून गोठ्याच्या दिशेने दारात ठेवल्या होत्या. येताजाता आम्ही त्या पोत्याला अडखळायचो. ते त्याने मुद्दामच केलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी विधी उरकल्यावर लुंगतोक स्वयंपाकघरात आला. मी पाणी भरतच होतो; अपराध्याला पाणी भरण्यावाचून दुसरं काय सुचणार? या वेळी लुंगतोक ओरडला नाही. उंबऱ्यावर बसला.

"सातवी लाट संपली की माझे हात खाली यायला तयार नसतात," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

छोग्पाने फक्त चुलीत एक गोवरी सारली.

"शिगात्सेला माझे गुरू सांगायचे, काही वाजवणं कागदावर ठेवत नाहीत, हातातून हातात देतात. दाम्छो-लांनी कोणाच्या हातात दिलं?"

छोग्पाने स्वतःचे काजळलेले हात पाहिले. "दिलं नाही कोणाला. भोकातून सांडलं ते मी गोळा केलं." मग नळकांड्यात चहा ओतला, लोणी टाकलं आणि दट्ट्या लुंगतोकपुढे धरला. "घ्या. आधी तुमच्या सात."

उमजेने बाह्या सरसावल्या आणि सात लाटा घुसळल्या. घामाघूम झाला. छोग्पाने पळीभर चहा वर काढून दाखवला. डोळेच डोळे.

"आता आठवी. ही उलटी आहे. थरथरीपासून सुरू करा आणि हळू होत जा. देव घाट उतरतोय. लगाम खेचा... अहो खेचा म्हणजे खेचा, घोडा दरीत घालताय का?"

लुंगतोकने पुन्हा केलं, आणि मग तिसऱ्यांदा. छोग्पाने त्याच्या मनगटावर आपला काळा हात ठेवला आणि दोघांनी मिळून दट्ट्या खाली नेला.

"नववीत तीनच ठोके. दोन ठोक्यांमध्ये एक अख्खा श्वास, कोणी काही करायचं नाही. देव घोड्यावरून उतरतोय. उतरणाऱ्याला घाई करत नाहीत."

तिसऱ्या ठोक्यानंतर लुंगतोक बराच वेळ दट्ट्या धरून उभा राहिला. मग हळूच हात खाली सोडले. या वेळी ते खाली आले. चहात काय दिसतंय हे बघायचं भान त्याला राहिलं नाही. छोग्पाने पाहिलं आणि दारातलं पोतं उचलून आत आणलं.

एकोणतिसाव्या दिवशी भरल्या सभागृहात लुंगतोक उठून थोरल्या लामांना म्हणाला, "रिन्पोछे, आज नऊ वाजवायची परवानगी द्या."

"कोणी शिकवल्या?"

"स्वयंपाकघराने."

थोरल्या लामांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. जोडीदाराने मला कोपराने ढोसलं, गप्प बस म्हणून. मी उभा राहिलो. "नऊच होत्या, रिन्पोछे. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"आळस, रिन्पोछे."

"तर मग आज नीट फुंक," ते म्हणाले.

नीट फुंकलं. आठव्या लाटेला नेहमीचे काजवे आले, आणि लगाम खेचल्यासारखे ठोके सावकाश होऊ लागले, तसे घोड्याच्या टापांखाली खडे करकरत कोणीतरी खरंच उतारावरून येतंय असं मला वाटलं. नवव्या लाटेच्या ठोक्यांमधल्या शांततेत भिंतीपलीकडून एक आवाज स्पष्ट ऐकू आला: दट्ट्या खाली जाऊन टेकल्याचा. तिसरा ठोका विरेपर्यंत कोणी हललं नाही. नगारेवालाही नाही, आणि तो तर झोपेतसुद्धा हलतो.

चहा आला. सगळ्यांनी आधी वाटीत डोकावून पाहिलं. गुळगुळीत, तांबूस, एक डोळा नाही. छोग्पा एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच सभागृहाच्या दारात येऊन उभा होता, पळीसकट, आणि आमच्या तोंडांकडे न बघता वाट्यांकडे बघत होता.

लुंगतोकने घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि दाराकडे मान वळवली.

"गेन-ला," तो म्हणाला, म्हणजे गुरुजी, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. "मीठ कमी आहे."

"मिठाचं मी बघतो," छोग्पा म्हणाला. "तुम्ही झांजा बघा."