खिडकीवरची घोंगडी

कॉलेजसमोर पहिला एसटीडी बूथ उघडला, त्या साली मी बीडला प्राणिशास्त्र शिकवायला लागलो. प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर तिथले एक शिपाई सांभाळायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मेंढपाळाच्या घरातले, उंदरांचा पिंजरा उघडतानाही "हर्र, हर्र" करायचे.

एकदा मी ऐटीत सांगितलं, "मामा, एका जनुकामुळे पेशीत रंग बनवणारं प्रथिन तयार होतं. यांच्यात तेच जनुक बिघडलंय. म्हणून अंग पांढरं, डोळे लाल."

"मंग उनानं डोळे लई दुखत आसतील की, सर. सांगता येत न्हाई बिचाऱ्यांना."

पिंजरे खिडकीत मीच ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीवर मामांची घोंगडी टांगलेली होती. तो हिवाळा त्यांनी नुसत्या सदऱ्यावर काढला.

पुढे कितीतरी वर्षं मी ते जनुक शिकवलं, पण आधी खिडकीचा पडदा ओढून.