होल्डवर ठेवलेला आठवडा

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलणं. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. गॅलरीत ऊन आलं होतं. मध्ये पेपर पसरलेला, तिच्यापुढं दाण्यांची परात, माझ्यापुढं टरफलं. मी चांगल्या दाण्यांत किडके दाणे मिसळतो अशी तिची तक्रार चालू होती, तेवढ्यात फोन वाजला.

फोन हॉलिडे क्लबच्या कंपनीचा होता. त्याचीच वाट आम्ही तीन आठवडे बघत होतो.

काय प्रकरण होतं ते सांगतो. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक साहेब राहतात. मी ज्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्र्याचे पार्ट काढायला होतो तिथंच ते क्वालिटीला होते. त्यांनी फार वर्षांपूर्वी एका हॉलिडे क्लबची मेंबरशिप घेतली होती. दरवर्षी एक आठवडा क्लबच्या कुठल्याही रिसॉर्टवर जाऊन राहायचं, चार माणसांची खोली, असा पंचवीस वर्षांचा करार. त्यातली अकरा वर्षं अजून बाकी होती आणि साहेबांची कंबर गेली होती. ते म्हणाले, तुम्ही घ्या, नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल. मी नाहीच म्हणणार होतो. आपण कशाला रिसॉर्टला जातोय? पण ही बाजूला उभी होती. तिनं साहेबांना एकच विचारलं, "तिथं सकाळचा चहा कोण करतं?"

"ते लोक आणून देतात, वहिनी. खोलीत."

"मग घ्या," ती मला म्हणाली.

चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती चौदा वर्षं चपात्या लाटत होती. एका शिफ्टला सहाशे. त्याच्या आधी पहाटे चारला उठून घरचं सगळं. चाळीस वर्षांच्या संसारात सकाळचा चहा तिला कुणी आयता दिला नाही. कुणी म्हणजे मी. घरात दुसरं होतं कोण?

साहेबांनी सही केली, आम्ही सही केली, म्हणजे झालं असं मला वाटलं होतं. तसं नसतं. क्लबच्या कंपनीनं मंजुरी दिल्याशिवाय व्यवहार पक्का नाही. आणि कंपनीला वाटलं तर ती म्हणू शकते, याच भावात आम्हीच परत घेतो, तुम्ही घरी जा. अर्ज तपासून झाला की पुढं महिनाभर हा हक्क तिचा. हे मला समजावताना साहेबांना घाम फुटला, पण मला लगेच कळलं. गावाकडं जमीन विकायची तर आधी शेजारच्या बांधाला विचारतात. तो नको म्हणाला तरच बाहेरचा. तेच हे.

शिवाय नवरा आणि बायको दोघांशी फोनवर बोलून ते खात्री करून घेतात. पहिल्याच फोनला आमचं गाडं अडलं होतं. पोरगी गोड बोलत होती. हिला जन्मतारीख विचारली, पत्ता विचारला, हिनं घडाघडा सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं पूर्ण नाव सांगा."

"ते हितंच बसलेत. त्यांनाच इचारा."

"नाही मॅडम, तुम्हीच सांगायला लागेल."

"अगं बाई, आमी न्हाई नाव घेत नवऱ्याचं."

पोरीनं तीनदा विचारलं, हिनं तीनदा नाही म्हटलं, आणि संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजी मला फार येत नाही, पण होल्ड हा शब्द मी ओळखतो. आमच्या प्रेस शॉपमध्ये तयार माल तपासणीला जायचा. पास झाला की हिरवी चिठ्ठी, नापास झाला की लाल, आणि साहेब लोकांचं ठरत नसलं की पिवळी. पिवळीवर होल्ड लिहिलेलं असायचं. तो माल कोपऱ्यातल्या रॅकवर धूळ खात पडायचा. मी तिला म्हटलं, "तुझ्या तोंडापायी आपण रॅकवर पडलो."

"पडू दे. लग्नात घेतलं होतं की एकदा."

तर त्या रविवारी दुसरा फोन आला. पुन्हा तेच विचारणं. हिनं हातातली शेंग खाली ठेवली, पदर सारखा केला, जशी काही ती पोरगी समोर उभी आहे, आणि म्हणाली, "सहाशे चपात्या लाटल्या, एकबी न्हाई करपली, अमुकरावांचं नाव घेते, आता तरी तुझी वही भरली?"

अमुकच्या जागी माझं नाव होतं. ते इथं लिहीत नाही. तिच्या तोंडात बरं वाटलं, तेवढं बास. फोनवरची पोरगी हसायला लागली, तिच्या शेजारचं कुणीतरी पण हसलं. म्हणाली, "झालं मॅडम, व्हेरिफिकेशन पूर्ण." ही माझ्याकडं बघेना. लाजली होती, बासष्टाव्या वर्षी. मग खाली मान घालून किडके दाणे वेचत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत कळ येते म्हणून आडवी झाली, आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

दहावा आळंदीला केला. पिंड ठेवला आणि कावळा पहिल्याच झटक्याला येऊन शिवला. सगळे म्हणाले, भाग्याची बाई, काही इच्छा मागं राहिली नाही. हात जोडून मोकळे झाले. मला माहीत होतं, राहिली आहे. तिच्याबरोबर चपात्या लाटणाऱ्या दोघी माझ्या मागं उभ्या होत्या. एक मावळातली, एक लातूरकडची. चार माणसांची खोली म्हटल्यावर हिनं दोघींना आधीच शब्द देऊन ठेवला होता, आम्ही दोघं आन तुम्ही दोघी, आठवडाभर आयता चहा पिऊ. लातूरची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दाजी, कावळ्याला काय कळतंय."

घाटावर तिथंच ठरवलं. हा आठवडा मिळालाच पाहिजे.

तेराव्यानंतर साहेब खाली आले. आवाज बारीक करून म्हणाले, "वहिनींचं कंपनीला आत्ताच कळवू नका. व्हेरिफिकेशन झालंय. कळवलंत तर फाइल पुन्हा होल्डला जाईल, महिना पुन्हा पहिल्यापासून मोजतील. तेवढ्यात त्यांनी हक्क लावला तर गेलं हातचं."

माणूस माझ्या भल्याचंच बोलत होता. पण मी म्हटलं, "साहेब, चुकीच्या मालाला हिरवी चिठ्ठी लावली तर तुम्ही आमची बिनपाण्यानं करायचा."

"अहो, तो ब्रेकचा पार्ट होता. हे फिरायला जायचंय."

"ती जित्ती हाय असं मी कागदावर सांगणार न्हाई. तिनं नाव घेतलं ते खरं घेतलंय. त्याच्यावर माझा खोटेपणा नको."

 साहेबांसमोरच मी क्लबला फोन लावला. या वेळी वेगळी पोरगी होती. मी म्हटलं, "माझी बायको वारली. अर्जात तिचं नाव आहे. आता काय करायचं ते सांगा." ती म्हणाली, "सॉरी, काका." आतापर्यंत सगळ्या मला सर म्हणत होत्या. महापालिकेचा मृत्यूचा दाखला पाठवा, एकट्याच्या नावाचा नवा अर्ज भरा, आणि मग पुन्हा महिनाभर थांबा. संध्याकाळी मेसेज आला. पुन्हा पिवळी चिठ्ठी.

आता खरं ते लिहितो. तो महिना मी आनंदात काढला. बायको जाऊन थोडेच दिवस झालेल्या माणसानं असं लिहू नये, पण खोटं कशाला लिहू? सकाळी डोळा उघडला की आधी आठवायचं, ती बाजूला नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरं आठवायचं, आज मेसेज येईल. त्या दुसऱ्याच्या जोरावर मी उठायचो. मोबाइल सदऱ्याच्या खिशात, आंघोळीला गेलो तर दुधाच्या पिशवीत गुंडाळून मोरीच्या फळीवर. कुठल्यातरी कर्जाचे, लॉटरीचे मेसेज यायचे तरी मी चष्मा शोधायचो. भोसरीत जाऊन चाकांची बॅग घेऊन आलो. साहेब जिन्यात भेटले. म्हणाले, "मंजुरीच्या आधीच बॅग?" मी म्हटलं, "नवरी बघायच्या आधीच मांडव घातलाय."

रविवारी दोघी यायच्या. कुठं जायचं यावर भांडण ठरलेलं.

"डोंगर नको," मावळची म्हणायची. "डोंगर बघतच म्हातारी झाले मी."

"समुद्र पायजे," लातूरची. "आमच्याकडं टँकरची वाट बघत बसायचो. आता नुसतं पाणी बघत बसणार. कुणी रांगेत उभं ऱ्हा म्हणायचं न्हाई."

"आन झोपायचं कसं?"

"तुम्ही दोघी आतल्या खोलीत. मी बाहेर सोफ्यावर," मी म्हटलं.

मावळची जरा घुटमळली. तिच्या नवऱ्याला मी आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, खुशाल न्या, आठवडाभर शांतता. तरी ती म्हणाली, "पर लोक काय म्हनतील, दाजी?"

"साठी उलटली बाई तुझी," लातूरची म्हणाली. "लोकांनी कायतरी म्हटलं तर बरंच की."

ती गेल्यापासून घरात पहिल्यांदा हसणं झालं. हसता हसता मावळची रडायलाच लागली. लातूरचीनं तिला दम भरला, "रडायचं तर समुद्रावर जाऊन रड. हितं फरशी पुसायला कोण हाय?"

महिना सरत आला तशी मला भीती वाटायला लागली. बाविसाव्या दिवशी मेसेज आला, साहेबांकडं पळालो. त्यांनी वाचून सांगितलं, फाइल क्लबच्या वरच्या साहेबांकडं गेलीय, एवढंच. वरचे साहेब म्हणजे काय ते मी जन्मभर बघितलंय. आम्ही ओके केलेला माल एका मानेच्या झटक्यानं ते लालमध्ये टाकायचे. मी क्लबच्या त्या वरच्या साहेबाला मनातल्या मनात हात जोडत होतो आणि शिव्या पण देत होतो. तुझ्याकडं एवढी रिसॉर्टं आहेत. हा एक आठवडा घेऊन तू काय करणार?

एकोणतिसाव्या दिवशी संध्याकाळी मी गिरणीत होतो. गव्हाचा डबा रांगेत तिसरा. खिशात मोबाइल थरथरला. लांबलचक इंग्रजी मेसेज. चष्मा पुसून एकेक अक्षर बघत गेलो, आणि मध्येच एक शब्द ओळखीचा निघाला. आमच्या शॉपमध्ये काचेचं एक कपाट होतं. प्रत्येक पार्टचा पास झालेला नमुना त्यात ठेवायचे, बाकीचा माल त्याच्यासारखा झाला पाहिजे म्हणून. खाली पट्टी असायची, अप्रूव्हड. वीस वर्षं मी त्या पट्टीसमोरून रोज गेलोय. तीच अक्षरं, त्याच क्रमानं.

डबा रांगेत तसाच टाकला. गिरणीवाला ओरडला, "काका, दळण?" मी म्हटलं, "कर तुला कसं पायजे तसं." लिफ्टची वाट न बघता जिना चढलो. साहेबांनी मेसेज दोनदा वाचला. म्हणाले, "कंपनीनं हक्क सोडला. मंजूर. तुमच्या नावावर झालं." आणि हात पुढं केला. एका कंपनीत एवढी वर्षं काढली, आम्ही कधी हात मिळवला नव्हता. मला धाप लागली होती, मी त्यांचा हात धरूनच खुर्चीत बसलो.

"दोघींना आत्ताच फोन करून टाका," साहेब म्हणाले.

"फोन नको. सकाळी जातो."

सकाळी चारला उठलो, तिच्या वेळेला. गॅस पेटवला आणि चहा टाकला. आलं किती घालायचं माहीत नव्हतं, म्हणून भरपूर ठेचलं. ती कँटीनला न्यायची तो स्टीलचा थर्मास विसळून भरला, तीन ग्लास पिशवीत घेतले आणि स्पाइन रोडच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. पावणेसहाला तिथं चाकणच्या कंपनीची बस येते. दोघी डबे घेऊन लांबून येताना दिसल्या. मला बघून मावळचीचे पाय जागीच थांबले.

"काय झालं, दाजी?"

"काय न्हाई. मंजूर झालं. आधी ग्लास धरा."

दोघींनी ग्लास धरले. मी ओतला. त्या उभ्या, मी वाढतोय, आजूबाजूची शिफ्टची माणसं बघतायत. लातूरचीनं एक घोट घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"दाजी, ह्यो चहा हाय का काढा?"

"गप पी."

"पिते की. आयता हाय." तिनं ग्लास संपवला आणि पुन्हा पुढं केला.

मावळची ग्लास दोन्ही हातांत धरून हळूहळू पीत होती. मग म्हणाली, "समुद्र म्हनजे समुद्र. माझं काय म्हननं न्हाई." बस आली. दोघी चढल्या. लातूरचीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, "तिकडं चहा तुमी करायचा न्हाई. सांगून ठेवते."

बस गेली. थर्मासमध्ये एक ग्लास उरला होता. तिथल्या कट्ट्यावर बसून तो मी प्यालो. आलं खरंच जास्त झालं होतं.