देवघरातली जोडी

मानवतच्या शाळेत मास्तर असताना मला जुन्या नाण्यांचं वेड लागलं. दहा वर्षं सराफांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे निजामाचे चारमिनारी रुपये आणि दोन-तीन मोहरा जमल्या. आणि आमच्या शाळेच्या क्लार्कला, ज्याला नाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला मी आयुष्यभर शोधलं असतं असं नाणं घरबसल्या मिळालं होतं.

त्याच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी राणीसावरगावला गेलो होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारलेला, एसटी बंद, म्हणून मुक्काम करावा लागला. सकाळी तो पूजेला बसला आणि मला देवघरात हळदीकुंकवाने माखलेलं सोन्याचं नाणं दिसलं. समोरासमोर तोंड केलेले दोन मुकुटधारी चेहरे. घरचे त्याला 'जोडी' म्हणत, लक्ष्मीनारायण समजून पुजत. औरंगाबादच्या ग्रंथालयात मी त्याचं चित्र तासन्‌तास बघितलेलं. पाचशे वर्षांपूर्वीचे स्पेनचे राजाराणी! भोक नाही, झीज नाही.

मी विकत मागितलं. बदल्यात बायकोच्या बांगड्या कबूल केल्या, तिला न विचारता.

"न्हाई सर, आईची जोडी हाय. नातीच्या गळ्यात घाला म्हणली व्हती जाताना."

मी हसून मान डोलावली. आतून मात्र नुसता जळत होतो. पुढे शाळेत त्याचं तोंड बघवेना. त्याने चहा पुढे केला तरी हिणवतोय असं वाटायचं. तो साधा होता, कुणाला हिणवणं त्याच्या गावीही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

लग्नाच्या आठ दिवस आधी तो स्टाफरूममध्ये आला. "सर, सोनार जोडीला वर कडी जोडायची म्हणायलाय. तुमाला यातलं लय कळतं. खराब तर न्हाई ना हुनार?"

आच देऊन कडी जोडली की जमवणाऱ्यांच्या लेखी ते नाणं बाद होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. नुसत्या कोंदणात बसवता आलं असतं. तेवढं एक वाक्य सांगायचं होतं.

"काही होत नाही भाऊसाहेब, खुशाल जोडा," मी म्हणालो. त्या दिवशी चार घास जास्त जेवलो.

लग्नात मुद्दाम पुढे बसलो, झालेलं नुकसान बघायला. राणीच्या मुकुटावर जोडकामाचा काळपट ओघळ आला होता. बायका जवळ येऊन, हात लावून नवरीच्या गळ्यातली जोडी बघत होत्या. "लय झ्याक दिसायलीय!" काही बिघडलंय हे साऱ्या मांडवात कुणालाच कळलं नव्हतं, एक मी सोडून. क्लार्क मात्र भेटेल त्याला सांगत होता, "सरांना इचारूनच केलं."

मुलगी माझ्या पाया पडायला वाकली. मी "सुखी राहा" म्हणालो, पण नजर तिच्या चेहऱ्यावर गेलीच नाही. ती त्या नाण्यावर होती, आणि त्या काळ्या ओघळासकट ते मला अजून हवंच होतं.