खाजमास्तर

आमचे मास्तर पाइपाला गाल लावून परीक्षा घ्यायचे. ठेकेदारानं वाफेच्या पाइपावर काचेचा कापूस गुंडाळला, जाळी आवळली, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा चढवला, की मास्तर वाफ सोडायला लावत, जरा थांबत आणि डोळे मिटून डावा गाल पत्र्यावर टेकवत. सुईण पोटुशीच्या पोटाला कान लावते तसा चेहरा. काम नीट असेल तर वाफेची धग पत्र्यापर्यंत येत नसे आणि गाल तिथंच राहायचा. नसेल तर मागं सरताना जी शिवी निघायची, ती ठेकेदाराच्या आजोबांपर्यंत पोचायची. "हात मेला निबर असतो, त्याला काय कलतंय," ते म्हणायचे. "गाल खरं बोलतो."

हे तुर्भ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. ऐंशी सालाच्या आगेमागे आमच्या पट्ट्यात कारखाने दाटीनं उभे होते आणि प्रत्येकाला वाफेचे पाइप झाकून हवे होते. कापूस बनवणाऱ्या कंपनीनं ठेकेदारांना हातानं काम शिकवायला मास्तरांना नेमलं होतं. ही शिकवणी पार पाडल्याशिवाय कंपनीचं काम मिळत नसे. कापूस अंगाला लागला की माणूस रात्रभर स्वतःला ओरबाडतो, म्हणून ते खाजमास्तर. त्यांना हे नाव ठाऊक होतं, आणि आवडायचंही. खऱ्या नावानं त्यांना फक्त बायको हाक मारायची, तीही रागात.

मी तिथं गेले ती हौसेनं नव्हे. माझा नवरा कामावर परांचीवरून पडला, कंबर मोडली आणि वाशीच्या घरात छताकडे बघत पडून राहिला. पाइप झाकायच्या ठेक्यांचा धंदा त्याचा, माणसं त्याची, आणि आता ती सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तोवर फडकं गुंडाळलं होतं ते फक्त पोळ्यांच्या डब्याला.

पहिल्या दिवशी मी साडी नेसून गेले. बाकीचे सगळे पुरुष, गळ्यात साखळ्या, खिशाला पेन. मास्तरांनी मला खालून वर पाहिलं. "बाय, साडीत कापूस शिरला तर आठवडाभर लेझीम खेलशील. उद्या पँट घालून ये."

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याची पँट सुतळीनं बांधून गेले. शेडमध्ये खसखस पिकली. मास्तरांनी सर्वांत मोठ्यानं हसणाऱ्या शेठला पुढं बोलावलं आणि बाह्या वर करून कापसाच्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायला लावला. "आता हास," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू काय बघतेस? तू पन घाल." कीव केली असती तर मी तिसऱ्या दिवशी घरी बसले असते. त्यांनी मला इतरांइतकंच छळलं, म्हणून टिकले.

तसे मास्तर काही संत नव्हते. मिशांना कलप लावायचे आणि घामानं तो ओघळला की आरशात बघायला शिकवणी थांबवायचे. आमच्या डब्यातले चांगले पदार्थ "तपासून" खायचे. आपण उरणचे, आपल्या रक्तातच मासळी, असं सांगून माझ्या सुरमईच्या तुकड्यावर त्यांनी कायमचा हक्क लावला होता.

शेवटच्या परीक्षेत माझ्या पाइपाला त्यांनी गाल लावला आणि काहीच न बोलता पुढं गेले. मला वाटलं, नापास. शेजारचा म्हणाला, "अहो, शिवी नाही म्हणजे पास."

पुढचा पाइप होता कंपनीच्या बड्या गिऱ्हाइकाच्या जावयाचा. त्यानं वळणावर कापूस भरलाच नव्हता, वरून पत्रा मात्र चकचकीत. मास्तरांनी नापास म्हटलं. जावई रुसला आणि विक्री खात्याचे साहेब पांढऱ्या पँटीत धावत आले. "मास्तर, दिसायला तर झकास आहे. पास करून टाका."

"करतो ना," मास्तर म्हणाले. "तुमी फक्त त्या वळनावर बसा. मी चा सांगतो. चा येईपर्यंत बसलात तर पास."

साहेबांनी इभ्रतीसाठी बूड टेकवलं. चहा सांगायचीही वेळ आली नाही. ते जे उडाले, ते पार दारापाशी उतरले. शेड हसून हसून लोळली. जावई नापासच राहिला, आणि महिन्याभरात मास्तरांची नोकरी गेली.

मी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "माझ्याकडे या."

"तुज्याकडं? तुला येतं काय?"

"म्हणूनच या."

ते आले. पुढं आम्ही कारखान्यांचे पाइप केले, वाशीतली शीतगृहं केली. नवरा काठी घेऊन हिंडू लागला तेव्हा त्यानंही मुकाट्यानं मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या. पोरांनी तोंडाला फडकं बांधलं नाही तर मास्तर हाकलून द्यायचे. स्वतः मात्र बांधत नसत. मिशा दबतात म्हणे. मी भांडले, अबोला धरला, एकदा त्यांच्या बायकोकडून जेवण बंद करवलं. उपयोग शून्य.

मग खोकला आला आणि गेलाच नाही. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा ते उरणला गावच्या घरी परतले.

मी भेटायला गेले तर ओटीवर उशांना टेकून बसले होते. दोन वाक्यांमध्ये दम घ्यावा लागत होता. "काम टाकून आलीस? लाज हाय का?" मी सांगितलं, ते जुने साहेब बदलून गेले, कंपनीनं शेडमधली शिकवणी मला दिली आहे. मी विचारलं, "पहिल्या दिवशी काय सांगू?"

"सांगू नको काय. हात घालायला लाव." खोकून झाल्यावर म्हणाले, "आनि तोंड बांदून नाय आला त्याला आत घेऊ नको. मी आलो तरी नको."

त्यांची बायको आत जाऊन भांडी वाजवू लागली.

निरोप आला तेव्हा माझी पहिली तुकडी पाइपांवर होती. मी वाफ बंद करायला लावली आणि सगळ्यांना सुट्टी दिली. हातमोजे उतरवताना एक ठेकेदार म्हणाला, "बाई, कोण गेलं?"

"मास्तर."

"कोणाचे?"

"तुमचे," मी म्हटलं, आणि उरणची बस गाठायला निघाले.