टाचेला लावलेला गोणीतला युरिया

माझी बायको गेली, तरी तिच्या पायाबद्दल लोक अजून चुकीचं सांगतात. म्हणतात, साखरेनं पाय गेला. साखर होतीच. पण पाय घालवला तिच्या भावानं.

आमचं घर हिर्डोशीच्या अंगाला. जन्मभर भाताच्या चिखलात उभी राहिलेली बाई. टाचांना अशा भेगा की गोधडीचा दोरा अडकायचा. भोरच्या मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. म्हणाला, "युरियाचं क्रीम आहे, दहा टक्के. साखरेच्या पायाला यापेक्षा कडक नको." मी दुसरी शिकलेला माणूस. सांगितलं तेवढं केलं. रोज संध्याकाळी पाय धुऊन, पुसून मीच चोळायचो. भेगा मऊ पडायला लागल्या होत्या.

तेवढ्यात मार्गासनीहून मेव्हणा आला, तिचा धाकटा भाऊ. बारावी झालेला, म्हणून दिसेल ते वाचणारा. ट्यूब उलटीपालटी केली आणि हसला.

"दाजी, धाच टक्के? आपल्या खताच्या गोणीवर शेहेचाळीस लिवलंय की! ही शहरातली माणसं पाणी घालून इकत्यात."

"पायाला आन् भाताला एकच व्हय रं?"

"युरिया तो युरिया. तुमी चिकट, म्हणून अक्काच्या टाचा फाटल्या."

बायको त्याच्याच बाजूची. "माजा भाऊ शिकलाय. तुमी गप बसा."

त्यानं गोणीतला मूठभर युरिया थोडं पाणी घालून खोबरेल तेलात खलला, जास्त फाटलेल्या उजव्या टाचेवर थापला, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली.

"कसं वाटतंय, अक्का?"

"गार वाटतंय रं, लई गार."

युरिया ओला झाला की गार पडतो, हे फवारणीच्या बादलीत हात घातलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आणि साखरेनं पाय बधिर झालेला. आग झाली असती तरी तिला कळली नसती. तो मार्गासनीला परत गेल्यावरही ती रोज स्वतःच नवी थाप लावायची. मी पिशवी सोडायला गेलो, तर तिनं मलाच हाकललं.

वास सुटला तेव्हा टाच उकडलेल्या बटाट्यासारखी सोलून येत होती. एसटीनं भोर, तिथून पुणे. घोट्याच्या वर पाय कापला.

डॉक्टरांनी समजावलं, "दहा टक्क्यांचं क्रीम कातडीत ओल धरतं. चाळीसचं जाड कातडी खाऊन काढतं, ते विचारल्याशिवाय लावायचं नसतं. आणि गोणीवरचा शेहेचाळीस हा नायट्रोजनचा आकडा. गोणीत जवळजवळ निव्वळ युरिया असतो, तोही शेताचा. आकडा कशाचा आहे ते आधी बघा, मोठा की लहान ते नंतर."

पुण्याला धावत आलेला मेव्हणा शेजारीच उभा होता. म्हणाला, "मला काय म्हाईत?" बारावी झालेला माणूस.

भाऊबीजेला तो साडी घेऊन आला. तिनं खुर्चीत बसूनच ओवाळलं. मग तो पाया पडायला वाकला. एक हात पायावर टेकला, दुसरा रिकाम्या जागी अधांतरी राहिला.

"थांबलास का? हाय तेवढ्याच्या पाया पड," ती म्हणाली. "दुसरा तूच नेलास."

तो ढसाढसा रडला. तिनं त्याच्या तोंडात करंजी कोंबली. "आदी गिळ, मग रड."

त्यानंतर ती त्याला कधी टोचून बोलली नाही. थंडीत ती गेली. मी मात्र तो भेटेल तिथं बोलतो, चारचौघांत, मोठ्यानं.